अर्धी पेटी

दंडोबाच्या उतारावर, जानेवारीत,
चौथ्या फेरीत, एकतिसाव्या किलोमीटरला
मी एका दगडावर विश्वास ठेवला.
तो हलला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज.
मी आधी घड्याळ थांबवलं
आणि मग ओरडले.
हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

मिरजेत नडगीत सळी घातली,
वर दोन स्क्रू, खाली दोन.
डॉक्टर मगदूम एक्सरे खिडकीशी धरून म्हणाले,
"झकास बसलीये,"
सुतार चौकटीबद्दल म्हणतो तसं.
पळता कधी येईल, मी विचारलं.
"आधी संडासला एकट्या जा," म्हणाले.

मग पाय उशीवर.
पाय कसला, घरात उतरलेला पाहुणा :
आधी त्याला जागा, आधी त्याला पंखा.
बारा वर्षांच्या चढांनी कमावलेली मांडी
पंधरवड्यात गेली,
भाडेकरू रात्रीत खोली सोडतो तशी,
काही न सांगता.

बाहेर आमच्या शेडवर द्राक्षं वाळत होती,
जाळीवर जाळी, अकरा मजले.
हिरव्याची पिवळी, पिवळ्याची सोनेरी.
अठरा दिवसांत बेदाणा तयार.
मी खाटेवरून मोजायचे. त्यांचे दोन घाण निघाले
आणि माझ्या एक्सरेत
भेगेवर नुसता धुरकट ढग.

मार्चमध्ये मुबीना आली, फिजिओ.
"टेकवा आता. पण दहा किलोच."
दहा किलो म्हणजे किती?
पायाला किलो काय कळतो!
त्याला दोनच गोष्टी माहीत होत्या,
हवा आणि जमीन.

मग दिरांनी शेडवरचा काटा आणला,
बेदाण्याच्या पेट्या मोजायचा,
चिकट, कडेला मुंग्यांची रांग, लाल आकडे.
कुबड्यांवर लोंबकळत मी टाच ठेवली.
शून्य.
पुन्हा ठेवली.
चारशे ग्रॅम.
रात्रीच्या जंगलात एकटी पळताना
जेवढी कधी भ्याले नाही
तेवढी त्या चारशे ग्रॅमला भ्याले.

निवडणीच्या बाया हात थांबवून बघत होत्या.
"साडेसात!" शेवंताक्का ओरडली,
"आली की गं अर्धी पेटी!"
तेव्हापासून माझा पाय पेटीत मोजला जाऊ लागला.

"पळून काय मिळतंय गं तुला?"
मी म्हटलं, पदक.
"आनि?"
आणि एक केळं.
हसल्या सगळ्या, मीही हसले,
आणि काटा दोन किलोनं वर गेला.

एके रात्री मी चोरी केली.
सगळे झोपल्यावर काट्यावर उभी राहिले,
बावीस, चोवीस, सव्वीस,
आकडे लाल, मी लाल.
सकाळी पोटरी भोपळ्यासारखी.
मुबीना दोन दिवस बोलली नाही,
फक्त बर्फ बांधत राहिली.
पुन्हा अर्धी पेटी.
पुन्हा शेवंताक्काची हाळी, पण जरा हळू.

एप्रिल संपता संपता माल तासगावला गेला.
जाळ्या गुंडाळल्या,
ट्रकबरोबर काटाही गेला.
आता मोजायला काही नाही,
आणि मुबीना म्हणते, टाका सगळं.

रिकाम्या शेडमध्ये धूळ होती,
आणि पेट्या होत्या तिथं चौकोनी स्वच्छ खुणा.
मी कुबडी खांबाला टेकवली,
पहिल्या चौकोनात पाय ठेवला.
बावन्न किलो, सळीसकट.
कुठंतरी आत कुरकुर झाली.
दुखणं होतं की सवय, ओळखू येईना.
दुसरा चौकोन.
तिसरा.
घड्याळ उशाशीच राहिलं होतं,
तेही पाचव्याला आठवलं.

मागून शेवंताक्का :
"माघारी फीर आता बये,
पलीकडं पत्र्याचं ऊन हाय."